पंक संगीत आणि अधिकाराचा प्रश्न

पाश्चात्त्य संगीताच्या ज्या प्रकाराविषयीं ह्या लेखांत आम्ही विचार करणार आहों, त्याचें नांव घेतांच आमच्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहील. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे ताठ उभे केलेले रंगीत केस, मुद्दाम फाडून सेफ्टी पिनांनीं पुन्हां जोडलेला सदरा, गळ्यांत कुत्र्याचा पट्टा, आणि ह्या सर्वांच्या मागें कानठळ्या बसविणारा गिटारींचा व ड्रमचा गोंगाट! हें चित्र खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे, आणि अपुरें चित्र पूर्ण मानल्यामुळें पंक संगीतासंबंधीं गेल्या सुमारें पन्नास वर्षांत जें विपुल लेखन झालें त्यांतील बराच भाग वायां गेला आहे. निंदकांनीं कपडे पाहून नाक मुरडलें आणि पूजकांनीं त्याच कपड्यांवर प्रबंध लिहिले. ह्या चळवळीनें कलेच्या प्रांतांत जो खरा प्रश्न उभा केला, तो आमच्या मतें निराळाच आहे. तो प्रश्न अधिकाराचा होय. चार माणसांसमोर उभें राहून गाण्याचा, वाजविण्याचा, लिहिण्याचा अधिकार कोणाला? तो कोणीं द्यावयाचा? आणि तो पदरांत पडेपर्यंत तरुण माणसानें किती वर्षें गप्प बसावयाचें? आम्ही अध्यापनाचा व्यवसाय करणारे लोक. 'अजून थोडें थांबा, अजून थोडें वाचा,' हें सांगण्यांतच आमचें निम्मे आयुष्य गेलेलें आहे. त्यामुळें हा प्रश्न परक्या देशाचा म्हणून आम्हांला बाजूला सारतां येत नाहीं.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. संस्कृतांत पंक म्हणजे चिखल, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. इंग्रजी 'पंक'चा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. केवळ उच्चाराचें साम्य आहे. तथापि त्या इंग्रजी शब्दाची कुळकथाहि चिखलांतूनच जाते, ही गमतीची गोष्ट होय. शेक्सपिअरच्या काळीं हा शब्द वेश्येला लावीत. पुढें अमेरिकेंत तो टवाळ, उनाड व कवडीमोल पोरांसाठीं रूढ झाला. ज्यांना समाजानें कोणताच अधिकार दिलेला नाहीं, अशांचें हें नांव! न्यूयॉर्कच्या बॉवरी नांवाच्या बकाल रस्त्यावर १९७३ च्या अखेरीस हिली क्रिस्टल ह्यानें 'सीबीजीबी' नांवाचें एक मद्यगृह उघडलें. तेथें स्वतःचीं गाणीं स्वतः रचून गाणाऱ्या अप्रसिद्ध तरुणांना जागा मिळूं लागली. १९७४ सालीं एकत्र आलेला 'रमोन्स' हा बँड त्यांपैकींच. १९७६ च्या एप्रिलांत निघालेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीवर १४ गाणीं आहेत आणि तीं सगळीं मिळून अर्ध्या तासाच्या आंत संपतात. त्या वेळीं प्रतिष्ठित रॉक संगीत नेमकें उलट दिशेनें चाललें होतें. एकेक रचना तबकडीची एक पूर्ण बाजू व्यापीत असे. यंत्रसामग्री मालमोटारींतून वाहून न्यावी लागे. आणि वादकाचें बोटांवरील प्रभुत्व हाच गुणवत्तेचा निकष होऊन बसला होता. अशा संगीताचा श्रोता कोणासहि होतां येई. परंतु दोन खोल्यांच्या घरांत राहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलानें तें स्वतः करून पाहावें, ही गोष्ट त्याच्या स्वप्नांतहि येण्याजोगी राहिली नव्हती.

इंग्लंडांत ही ठिणगी येऊन पडली तेव्हां तेथील गवत वाळलेलेंच होतें. युद्धोत्तर भरभराटीचे दिवस सरले होते; बेकारांची संख्या १० लाखांच्या वर गेली होती; आणि १९७६ सालीं ब्रिटिश सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढें कर्जासाठीं हात पसरावा लागला. शाळा सोडून बाहेर पडणाऱ्या मुलांना, त्यांचे बाप ज्या गिरण्यांत, गोद्यांत व कारखान्यांत गेले तेथें जागा उरली नव्हती. 'तूं कोण?' ह्या प्रश्नाचें उत्तर पूर्वीं धंद्यावरून मिळे. धंदाच नाहींसा झाल्यावर तें कोठून आणावयाचें? अशा वेळीं लंडनच्या किंग्ज रोडवर माल्कम मॅक्लॅरन व व्हिव्हियन वेस्टवुड ह्यांचें कपड्यांचें एक दुकान होतें. त्या दुकानांत येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांतून 'सेक्स पिस्टल्स' हा बँड जमला. त्यांचा गायक जॉन लायडन, ज्याला जग पुढें 'जॉनी रॉटन' म्हणून ओळखूं लागलें, हा एका गरीब आयरिश कुटुंबांतला मुलगा. तो त्या दुकानांत प्रथम लोकांच्या नजरेंत भरला, तो त्याच्या सदऱ्यामुळें. 'पिंक फ्लॉइड' ह्या विख्यात बँडचें नांव छापलेल्या त्या सदऱ्यावर त्यानें 'मला तिटकारा आहे' अशा अर्थाचे शब्द आपल्या हातानें वर लिहून ठेविले होते. दुसऱ्यानें छापलेलें वस्त्र घ्यावें आणि त्यावर आपला अभिप्राय आपल्या हातानें लिहावा, ही कृति वरकरणी पोरकट दिसते. पण पंकचें सगळें व्याकरण तींत आलें आहे.

६ नोव्हेंबर १९७५ रोजीं लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेंत ह्या मंडळींचा पहिला जलसा झाला. पण आमच्या मुद्द्याच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा दिवस म्हणजे ४ जून १९७६ हा होय. त्या दिवशीं मँचेस्टर शहरांतील लेसर फ्री ट्रेड हॉलांत ते गायले. हा जलसा ठरविला होता हॉवर्ड डिव्होटो व पीट शेली ह्या दोन स्थानिक तरुणांनीं. श्रोते जमले ते अवघे चाळीसेक. गाणें कसें झालें ह्याविषयीं मतभेद असतील. परंतु त्या मूठभर श्रोत्यांतून पुढें 'जॉय डिव्हिजन' आणि 'द स्मिथ्स' ह्यांसारखे बँड उभे करणारीं माणसें निघालीं, आणि डिव्होटो-शेली ह्यांचा 'बझकॉक्स' तर लगोलग रंगमंचावर आला. मोठ्या गवयाचें गाणें ऐकून आपण घरीं येतों तेव्हां 'हें आपल्याच्यानें व्हावयाचें नाहीं' अशी नम्र भावना मनांत असते, आणि ती योग्यच असते. त्या दिवशींचे श्रोते बरोबर उलट भावना घेऊन परतले. 'हें तर आपणहि करूं शकूं!' असें त्यांना वाटलें. कलाकृतीच्या उणेपणामुळें श्रोत्याला धीर यावा, असा हा विलक्षण प्रकार होता.

ह्यापुढचा इतिहास वृत्तपत्रांनीं गाजविला असल्यामुळें तो थोडक्यांत सांगतों. १ डिसेंबर १९७६ रोजीं संध्याकाळच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमांत सूत्रधार बिल ग्रंडी ह्यानें ह्या पोरांना डिवचलें आणि त्यांनीं थेट प्रक्षेपणांत शिव्या हासडल्या. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांनीं आकाशपाताळ एक केलें. ठरलेल्या वीसेक जलशांपैकीं बहुतेक रद्द झाले. एका ध्वनिमुद्रण कंपनीनें जानेवारी १९७७ मध्यें त्यांना निरोप दिला. दुसरीनें मार्चमध्यें करार केला व आठवड्याभरांत मोडला. राणी एलिझाबेथच्या रौप्यमहोत्सवाच्या वर्षीं, राष्ट्रगीताचेंच नांव धारण केलेलें त्यांचें गाणें बाहेर पडलें. बीबीसीनें तें वाजविण्याचें नाकारलें, तरी तें खपाच्या यादींत दुसऱ्या स्थानापर्यंत पोंचलें. १४ जानेवारी १९७८ रोजीं सान फ्रान्सिस्को येथील जलशानंतर हा बँड फुटलाहि. सव्वादोन वर्षांचा हा खेळ! इतक्या अल्पायुषी गोष्टीचा परिणाम दीर्घ कां झाला, हें समजून घ्यावयाचें तर ह्या गाजावाजाच्या बाजूला, कोणाचें लक्ष नसतांना, काय चाललें होतें तें पाहिलें पाहिजे.

मार्क पेरी नांवाचा एकोणीस वर्षांचा बँकेंतला कारकून होता. रमोन्सचीं गाणीं ऐकून त्याला त्यांविषयीं वाचावेंसें वाटलें. मनासारखें कोठें कांहीं मिळेना. तेव्हां जुलै १९७६ मध्यें त्यानें टंकलेखन यंत्रावर व जाड शाईच्या लेखणीनें मजकूर तयार करून, प्रतिमुद्रण यंत्रावर थोड्या प्रती काढून, 'स्निफिन् ग्लू' नांवाचें पत्रक सुरू केलें. त्यांत खाडाखोड तशीच असे. थोड्याच अवधींत त्याचा खप हजारांवर गेला; पण पेरी वाचकांना सांगूं लागला कीं, माझें पत्रक वाचून स्वस्थ बसूं नका, स्वतःचें काढा; आणि बारा अंकांनंतर, १९७७ सालीं, त्यानें तें बंद करून टाकलें. 'साइडबर्न्स' नांवाच्या अशाच दुसऱ्या एका पत्रकांत १९७७ च्या आरंभीं एक ओबडधोबड आकृति छापली गेली. गिटारीवर तीन स्वरमेळ कसे धरावयाचे तें तींत दाखविलें असून, एवढें आलें कीं बँड काढावयास लागा, अशा आशयाचा उपदेश खालीं केलेला होता. त्याच जानेवारींत बझकॉक्सनीं आप्तमित्रांकडून उसने घेतलेल्या ५०० पौंडांत चार गाण्यांची तबकडी स्वतः मुद्रित करून स्वतःच विकली. पहिल्या १००० प्रती पाहतां पाहतां संपल्या. पुढें 'स्क्रिटी पॉलिटी' ह्या बँडनें तर १९७८ सालीं आपल्या तबकडीच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रणाचा, छपाईचा व तबकडी ओतण्याचा खर्चच छापून टाकला. जो वाचील त्याला हिशेब कळावा, हा हेतु! तबकडी काढणें हें कांहीं गूढ शास्त्र नव्हे, त्याला इतके पौंड लागतात, एवढें कळल्याबरोबर कंपनीच्या दारांत हात जोडून उभें राहण्याची गरज निम्म्यानें कमी झाली.

आमच्या परंपरेंत 'अधिकार' ह्या शब्दाला फार मोठें वजन आहे. विद्या द्यावयाची ती अधिकार पाहून, मंत्र सांगावयाचा तो अधिकार पाहून. त्याच शब्दाच्या जोरावर तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडवावयास लावल्या, हेंहि आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पंकवाल्यांची तुलना संतांशीं करण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाहीं. एकाची भूमिका शरणागतीची व दुसऱ्याची उद्दामपणाची. परंतु अधिकार आधीं कीं उच्चार आधीं, हा वाद आमच्या भाषेला नवा नाहीं, इतकेंच सुचवावयाचें आहे. कलेच्या प्रांतांत अधिकार हा प्रवेशाचा परवाना नसून कामाचें फळ आहे, असें ह्या पोरांनीं आपल्या वागण्यानें सांगितलें.

येथें आमचे रसिक वाचक आम्हांस थांबवून विचारतील कीं, हें सर्व ठीक; पण संगीत म्हणून तें कसें आहे? आमचा कान ख्यालगायकीवर पोसलेला आहे, हें आम्हीं लपविण्याचें कारण नाहीं. स्वराचा विस्तार, मींडेची नजाकत, विलंबित लयींतला सावकाशपणा, ह्यांपैकीं कांहींहि येथें सांपडावयाचें नाहीं. पुष्कळसें पंक संगीत एकसुरी आहे, आणि दहांपैकीं सात बँड आज ऐकवत नाहींत. परंतु उरलेल्या तिघांकडे लक्ष दिल्यास असें दिसतें कीं, साधनांची दरिद्रता त्यांनीं अर्थासाठीं वापरली आहे. बझकॉक्सच्या त्या पहिल्या तबकडींत कंटाळ्यावर एक गाणें आहे. त्यांत गिटारीच्या एकल वादनाची जागा आली म्हणजे वादक दोनच स्वर पुन्हां पुन्हां वाजवीत राहतो. सुशिक्षित कानाला ही थट्टा वाटते, आणि ती थट्टाच आहे. पण कंटाळा म्हणजे काय, हें शंभर तानांनीं सांगितलें नसतें इतक्या नेमकेपणानें ते दोन स्वर सांगून जातात. ज्याला दोन स्वर येतात त्यानें दोन स्वरांत मावेल तें खरें बोलावें, ही कांहीं लहानसहान शिस्त नव्हे.

आतां दुसरी बाजू. केवळ 'नाहीं' म्हणून माणसाची ओळख सिद्ध होते काय? ह्या कसोटीला पंक अनेकदां उतरलें नाहीं, हें स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. ज्यानें फक्त नकारच अंगीकारला त्याचा नकार थोड्याच दिवसांत गणवेश होऊन बसला. प्रत्येकानें निराळें दिसावयाचें म्हणून सगळे सारखेच दिसूं लागले. किंग्ज रोडवर बंडाचे कपडे महागड्या दरानें मिळूं लागले. ह्याहून गंभीर अपराध म्हणजे नाझींचें स्वस्तिक मिरविण्याचा. सूझी सू, सिड व्हिशस प्रभृतींनीं तें दंडावर, सदऱ्यावर मिरविलें. वडील पिढीला डिवचावें, ह्यापलीकडे त्यांत विचार नव्हता, असें त्यांचे समर्थक म्हणतात. विचार नव्हता, हाच तर आमचा आक्षेप आहे! युद्ध संपून तीस-एकतीस वर्षेंच झालीं होतीं. ज्यांचीं घरेंच्या घरें छळछावण्यांत नाहींशीं झालीं अशीं माणसें त्याच लंडनांत राहत होतीं. जें चिन्ह आपण उंबऱ्यावर मंगल म्हणून रेखाटतों, तें नाझींनीं आधींच विटाळलें होतें; त्या विटाळलेल्या चिन्हाचें ह्या पोरांनीं खेळणें केलें. नुसत्या नकाराची दुसरी परिणति सिड व्हिशसच्याच आयुष्यांत दिसते. प्रेयसीच्या खुनाच्या आरोपावरून जामिनावर सुटलेला हा मुलगा २ फेब्रुवारी १९७९ रोजीं न्यूयॉर्कमध्यें हेरॉइनच्या अतिसेवनानें मेला. वय वर्षें २१! त्याचें चित्र आजहि सदऱ्यांवर छापून विकलें जातें, ह्याला काय म्हणावें?

परंतु त्याच काळीं, त्याच शहरांत, नकारापासून आरंभ करून पुढें गेलेलींहि माणसें होतीं. कृष्णवर्णीयांविरुद्ध व आशियाई लोकांविरुद्ध विखार पसरविणारा नॅशनल फ्रंट हा पक्ष तेव्हां जोरांत होता. त्याला उत्तर म्हणून १९७६ सालीं 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ निघाली. ३० एप्रिल १९७८ रोजीं लंडनच्या ट्रफाल्गर चौकांतून निघालेली तिची प्रचंड मिरवणूक व्हिक्टोरिया पार्कांत पोंचली. तेथें 'द क्लॅश' हा पंक बँड आणि 'स्टील पल्स' हा कृष्णवर्णीयांचा रेगे बँड एकाच व्यासपीठावर गायले. तेथेंच 'एक्स-रे स्पेक्स' ह्या बँडची गायिका पॉली स्टायरिन हीहि होती. बाप सोमाली, आई गोरी; दांतांवर तारा; आणि नांव मुद्दाम एका कृत्रिम द्रव्याचें घेतलेलें. बाजाराला हवी तशी सुंदर स्त्री होण्याचें नाकारून, बाजारावरच तिनें गाणीं रचलीं. गातां येणारी स्त्री रंगमंचावर पूर्वींहि होती. पण कशी दिसावें व काय गावें हें ठरविणारे बहुधा दुसरेच असत. पॉली स्टायरिन आणि 'द स्लिट्स'मधल्या मुली ह्यांनीं तें स्वतः ठरविलें. पुढच्या आयुष्यांत पॉली कृष्णभक्तीकडे वळली व इस्कॉनच्या मंदिरांत राहिली, हा तिचा भारताशीं आलेला संबंधहि नमूद करण्याजोगा आहे.

ह्याहून आम्हांस जवळचें वाटणारें उदाहरण 'एलियन कल्चर' ह्या लंडनच्या बँडचें होय. त्यांतील बहुतेक तरुण पाकिस्तानांतून आलेल्या कुटुंबांतले. १९७८ च्या जानेवारींत मार्गारेट थॅचर ह्यांनीं, परक्या संस्कृतीच्या लोंढ्यानें आपण बुडून जाऊं अशी भीति लोकांना वाटते, अशा आशयाचे उद्गार काढले होते. त्या 'परक्या संस्कृती'चेंच नांव ह्या मुलांनीं १९७९ सालीं आपल्या बँडला दिलें. घरांत आईबापांची भाषा व रीत, बाहेर रस्त्यावर शिव्या व दगड. 'तूं इंग्रज कीं आशियाई?' ह्या प्रश्नाला घरचें उत्तरहि पुरेना आणि बाहेरचेंहि पटेना. त्यांनीं तिसरें उत्तर गाण्यांतून रचावयास घेतलें. परदेशांत ज्यांचीं मुलें-नातवंडें वाढत आहेत अशा आमच्या वाचकांस ह्या कोंडीची कल्पना निराळी करून द्यावयास नको.

ओळख ही अशी रचावी लागते, ती वारशानें आयती मिळत नाहीं, हें पंकनें फार लौकर ओळखलें. म्हणूनच त्यांतल्या पुष्कळांनीं नांवें बदललीं. क्लॅशचा गायक जो स्ट्रमर ह्याचें मूळ नांव जॉन मेलर. तो एका ब्रिटिश परराष्ट्र अधिकाऱ्याचा मुलगा. जन्म तुर्कस्तानांत अंकारा येथें, शिक्षण वसतिगृहाच्या शाळेंत. आणि त्याच्या वडिलांचा जन्म तर आपल्या लखनौचा. रस्त्यावरच्या गरीब पोरांचा आवाज म्हणून जो गाजला तो असा साहेबाचा मुलगा होता, म्हणून कित्येकांनीं त्याला दांभिक ठरविलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. कोणाच्या पोटीं जन्म घ्यावा हें हातीं नसतें. कोणाच्या बाजूनें उभें राहावें हें असतें. प्रश्न इतकाच कीं, तें उभें राहणें कपड्यांपुरतें आहे कीं कामांत उतरलें आहे? डिक हेब्डिज ह्यांनीं १९७९ सालीं उपसंस्कृति व वेषशैली ह्यांवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यांत सेफ्टी पिनेसारख्या क्षुद्र वस्तूंना नवे अर्थ कसे दिले जातात ह्याचें मार्मिक विवेचन आहे. त्या ग्रंथाचें ऋण आम्ही मान्य करितों. तथापि वेषाकडे चिन्हांची भाषा म्हणून पाहण्याच्या भरांत, ह्या मुलांनीं हातांनीं काय केलें ह्याकडे त्याचें लक्ष त्या मानानें कमी गेलें, असें आमचें मत आहे.

कारण कपडे बाजारानें सहज गिळले. जानेवारी १९७७ मध्यें क्लॅशनें सीबीएस ह्या बड्या कंपनीशीं १ लाख पौंडांचा करार केला तेव्हांच पंक मेलें, असें निष्ठावंतांपैकीं कित्येक म्हणूं लागले होते. २०१३ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें पंक वेषभूषेचें प्रदर्शन भरविलें. व्हिव्हियन वेस्टवुड ह्यांना तर राजदरबाराचा मोठा किताब मिळाला होता. २०१६ सालीं लंडनांत पंकची चाळिशी सरकारी आशीर्वादानें साजरी होऊं लागली, तेव्हां मॅक्लॅरन व वेस्टवुड ह्यांचा मुलगा जो कोरे ह्यानें २६ नोव्हेंबर रोजीं थेम्स नदींत एका नावेवर आपला दुर्मीळ संग्रह जाळून टाकला. त्याच्या म्हणण्याप्रमाणें त्याची किंमत ५० लाख पौंड होती. ही रक्कम गरजूंना कां दिली नाहीं, असा प्रश्न अनेकांनीं केला व तो रास्त होता. पण आमच्या मनांत दुसराच विचार येतो. त्या नावेवर जळाले ते सदरे, बाहुल्या आणि भित्तिपत्रकें. उसन्या ५०० पौंडांत तबकडी काढण्याची युक्ति त्या आगींत जळाली नाहीं. ती जळण्याजोगी वस्तूच नव्हे.

ती युक्ति कोठें कोठें गेली पाहा. वॉशिंग्टन शहरांत इयन मॅकाय व त्याचे मित्र ह्यांनीं १९८० सालीं 'डिस्कॉर्ड' नांवाची आपली तबकड्यांची संस्था काढली, ती स्वतःच्या गांवच्या बँडांसाठीं. आणि दर परवडण्याजोगे ठेवले. मॅकायच्या 'मायनर थ्रेट' ह्या बँडच्या १९८१ मधील एका गाण्यावरून दारू, तंबाखू व अमली पदार्थ ह्यांपासून दूर राहणाऱ्या तरुणांचा एक पंथच निघाला. मद्यगृहांत अल्पवयीन मुलांच्या हातावर फुली मारीत. तीच फुली ह्या पंथानें अभिमानाची खूण केली. व्यसन म्हणजे बंड, हें समीकरण बंडखोरांनींच मोडलें! उलट दिशेनें, डिसेंबर २०११ मध्यें इंडोनेशियांतील बांदा आचे येथें एका जलशांतून पोलिसांनीं साठांहून अधिक पंक तरुण-तरुणींना पकडून नेलें, मुलांचीं डोकीं भादरलीं, सर्वांना तळ्यांत आंघोळ घातली आणि सुधारणेचे धडे दिले. केस कापले म्हणजे माणूस बदलतो, अशी त्या अधिकाऱ्यांची श्रद्धा असावी. गंमत अशी कीं, ज्यांना केस म्हणजेच पंक वाटतें त्या हौशी मंडळींची श्रद्धाहि तीच आहे.

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं आम्हीं हा लेख हातीं घेतला ती सांगतों. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें दोघां मित्रांच्या साहाय्यानें आठ पानांचा एक अंक काढला होता. मजकूर हातानें लिहिलेला, प्रती झेरॉक्सच्या, टांचण्या वांकड्या मारलेल्या. तो मोठ्या उत्साहानें आमच्या घरीं घेऊन आला. आम्हीं त्याला चहा दिला आणि लाल पेन्सिल घेऊन त्याच्यासमोरच त्यांतले ऱ्हस्वदीर्घ सुधारावयास बसलों. आठहि पानें लाल झालीं. मग आम्ही म्हणालों, 'आधीं मर्ढेकर नीट वाचा, मग लिहा.' 'होय सर,' म्हणून तो गेला. त्यानें मर्ढेकर वाचले. परीक्षेंत चांगले गुणहि मिळविले. अंक मात्र पुन्हां निघाला नाहीं. आम्हांस तेव्हां वाटलें कीं आपण एका होतकरू मुलाला योग्य वळण लावलें. आज तसें वाटत नाहीं.

ह्याचा अर्थ व्यासंगाला कांहीं किंमत नाहीं असा कोणी करूं नये. पंकच्या इतिहासांतच त्याचें उत्तर आहे. जे तीन स्वरमेळांवर थांबले ते विसरले गेले. क्लॅशनें मात्र डिसेंबर १९७९ च्या 'लंडन कॉलिंग' ह्या जोडतबकडींत रेगे, जॅझ, जुनें रॉक अँड रोल असें पुष्कळ आत्मसात करून दाखविलें. लायडननें आपला पहिला बँड फुटल्यावर त्याच वर्षीं दुसरा काढून अगदीं निराळ्या वाटेनें प्रयोग केले. हीं माणसें शिकलीं. पण आधीं रंगमंचावर चढलीं आणि मग शिकलीं. काय शिकावयास हवें तें त्यांना करतां करतां कळलें. आम्ही शिक्षक नि आईबाप हा क्रम उलटा धरून बसतों, आणि मुलांच्या हातून कांहीं घडेना म्हणजे त्यांना स्वतःची ओळखच नाहीं, तीं नुसती दुसऱ्यांचे कपडे घालतात, अशी तक्रार करितों.

तो आठ पानांचा अंक आज कोणीं पुन्हां आमच्या हातीं दिला, तर ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आम्हांस आजहि दिसतील व त्या आम्ही सांगूंहि. पण लाल पेन्सिल उचलण्यापूर्वीं, दुसरा अंक केव्हां निघणार, एवढें त्याला आधीं विचारूं.